आमच्या वाडीची शाळा डोंगराखाली नेऊ नका

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या माथ्यावर आमची वाडी आहे. वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे आणि तिचा पट वीसच्या आत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात तेव्हा अशा १४ हजारांहून अधिक शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार लेकरं शिकत होती, हे त्याच वेळी समोर आलं. शाळा बंद होणार नाहीत असं नंतर सांगण्यात आलं. तरी दर जूनला पारावर तोच विषय निघतो: औंदा शाळा राहणार का? तोंडी शब्दावर आमचं समाधान होत नाही, म्हणून हे पत्र.

वाडी कशी जगते हे आधी सांगतो, कारण शाळेचा प्रश्न त्यातूनच निघतो. माथ्यावर माती वीतभर, खाली मुरूम आणि काळा पाषाण. पाऊस पडला की पाणी थांबत नाही, ओढ्यांनी खाली धावतं. मांजरा नदी आमच्याच तालुक्यात उगम पावते आणि पुढं धनेगावच्या धरणात जाऊन लातूरची तहान भागवते. २०१६ साली ते धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते साऱ्या देशानं पाहिलं. ज्या डोंगरावरून ते पाणी उतरतं तिथल्या विहिरी उन्हाळ्याच्या तोंडालाच तळ दाखवतात, आणि मग बायका टँकरची वाट बघत बसतात. खरिपाची बाजरी, तूर, उडीद पदरात पडलं तर पडलं. रब्बीला पाणीच नाही. डोंगरावर सीताफळ मात्र भरपूर. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे फळ झाडावरून उतरवलं की दोन-तीन दिवसांत पिकून मऊ पडतं. रस्ता खराब, साठवायला जागा नाही, त्यामुळे दारात आलेला व्यापारी देईल तो भाव घ्यायचा.

त्या पैशावर वर्ष निघत नाही. म्हणून दसऱ्याच्या आगंमागं मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घ्यायची आणि दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला निघायचं. सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. एकट्याचा अर्धा. परत यायला गुढीपाडवा उलटतो, कधी अक्षय तृतीया. तोवर वाडीत राहतात म्हातारी माणसं, थोडी जनावरं आणि, शाळा असेल तर, लेकरं.

साहेब, या पत्रातली सगळी कळकळ त्या 'शाळा असेल तर' मध्ये आहे. लेकरू आजीजवळ ठेवून जायचं धाडस आई-बाप करतात ते केवळ शाळा हाकेच्या अंतरावर आहे म्हणून. स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. शाळा व्यवस्थापन समितीच ते चालवते, दुपारचं जेवण शाळेत होतं, सकाळ-संध्याकाळचं वसतिगृहातून मिळतं. सत्तरीच्या आजीला चुलीपुढं बसून तीन नातवंडांना वेळेवर घालणं होत नाही. वसतिगृहामुळं तिचा भार हलका होतो आणि लेकराची हजेरी पडते. उद्या शाळा खाली गेली तर समिती कुठली आणि वसतिगृह कुठलं? मग लेकरं उसाच्या फडावर जाणार. तिथं पहाटेच्या अंधारात आई-बाप ऊस तोडायला लागतात आणि सात-आठ वर्षांची पोर कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढे म्हणजे उसाचे शेंडे गोळा करते. मार्चपर्यंत ती वाचायचं विसरते. जूनला पोरं मागं पडल्याचा ठपका मात्र शिक्षकावर येतो, हेही मला अन्यायाचं वाटतं.

मुलींचं तर विचारूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. शाळा सुटलेली मुलगी वाडीत एकटी ठेवायची भीती वाटते, सोबत फडावर न्यायचीही वाटते. मग तिचं लग्न उरकलं जातं, आणि लग्न झालं की आणखी एक कोयता तयार होतो. ही साखळी मी माझ्या भावकीत पाहिली आहे. ती तुटली तर दुसरी-तिसरीच्या वर्गात तुटेल. पुढं फार उशीर झालेला असतो.

समूह शाळेच्या बाजूनं जे सांगितलं जातं ते मला कळतं. चार वर्गांना एक किंवा दोन शिक्षक, खेळायला गडी कमी, प्रयोगशाळा नाही. हे सगळं खरं आहे. तोरणमाळ आणि पानशेत इथल्या समूह शाळांची उदाहरणं दिली गेली. पण आमच्याकडं एसटी माथ्यावर चढत नाही, आणि खालच्या गावाची वाट ओढ्यातून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये जो पाऊस झाला त्यात मोठी माणसं त्या ओढ्याच्या काठाला जायला धजत नव्हती. २०२० च्या हिवाळ्यात शेजारच्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली, तेव्हापासून दिवस मावळल्यावर लेकरू वाटेवर दिसलं की म्हातारी माणसं ओरडतात. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा देतो. तो किलोमीटर सपाटीवरचा वेगळा आणि चढणीचा वेगळा. शिक्षकांच्या बदल्या करताना शासन 'अवघड क्षेत्र' ठरवतं, त्यात डोंगर, रस्ता, वाहतूक यांचा विचार होतो. तो योग्यच आहे. तसाच विचार सहा वर्षांच्या पायांचाही व्हावा.

माझं मागणं असं. ज्या वाड्या-तांड्यांतून ऊसतोडीला माणसं जातात तिथली पहिली ते चौथीची शाळा पटाकडं न बघता चालू राहील, असा लेखी शासन निर्णय काढा. कुठं शाळा जोडायचीच असेल तर आधी भाद्रपदात, ओढ्याला पाणी असताना, एखाद्या अधिकाऱ्यानं दप्तर पाठीला लावून ती वाट पायी चालावी आणि ग्रामसभेसमोर अहवाल वाचावा. आणि हंगामी वसतिगृहाची मंजुरी वेळेत द्या. ती डिसेंबर-जानेवारीत आली तर उपयोग नाही. आई-बापांनी लेकरू ठेवायचं की न्यायचं हे त्याआधीच ठरवलेलं असतं. यंदाचं मंजुरीचं पत्र आणि शिधा दसऱ्याच्या आत वाडीवर पोचवा. त्यानंतर दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या भरायला लागतात.

आपला,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक सदस्य व पालक
ता. पाटोदा, जि. बीड