‘हे घेऊ नका’ म्हणणाऱ्या पुस्तकवाल्यांना

काका, काकू, दादा,
स. न. वि. वि.

आमच्या शाळेच्या वाचनालयासाठी तुमच्या दुकानातून घेतलेल्या बालपुस्तकांचं बिल चुकतं झालं, पुस्तकं दाखल नोंदवहीत चढली. एरवी व्यवहार इथेच संपतो. तरी हे पत्र चारचौघांत लिहितोय, कारण शाळांना पुस्तकं पुरवणारी दुसऱ्या जातकुळीची माणसंही आम्ही पाहिली आहेत.

त्यांचं नाव घेत नाही. 31 मार्चच्या आत निधी संपवायची शाळांची घाई या मंडळींना पाठ असते. मग ‘प्राथमिक संच’ येऊन पडतो. सूट 40 टक्के, आणि छापील किमतीवर नव्या किमतीचं स्टिकर. नखाने खरवडलं की सूट कुठून आली ते कळतं. बिलात अख्खा संच एका ओळीत. उद्या त्यातलं एक पुस्तक हरवलं तर नोंदवहीतून किती रुपये कमी करायचे? आत सामान्यज्ञान, निबंधमाला आणि थोरांची तीच ती चरित्रं. एका पानावर दोनच ओळी, ठसठशीत टाईप, जोडाक्षरं कमी, असं पहिलीतल्या मुलाच्या हातात देण्याजोगं काही नाहीच. एका पुस्तकात तर पान 16 नंतर थेट 33. विचारलं तर म्हणे, छापखान्याची चूक.

चूक बाइंडिंगमधली, हे खरंच. एखादा फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेला सोळा पानांचा जुडगा, राहून जातो, नाहीतर दोनदा बसतो. पण ती पकडायला सगळी पानं मोजावी लागत नाहीत. 16-17, 32-33, 48-49 एवढे सांधे पाहिले की पुरे. तुमच्याकडे काकू ते पाहिल्याशिवाय पुस्तक गठ्ठ्यात घालतच नाहीत. गठ्ठ्याला वर-खाली पुठ्ठा असतो, म्हणून सुतळी कडांत रुतत नाही. निम्म्या पुस्तकांचे कणे एका बाजूला, निम्म्यांचे दुसऱ्या, म्हणून गठ्ठा कलत नाही. बिलाचा क्रम तोच गठ्ठ्याचा क्रम. नोंदी करणाऱ्यालाच याची किंमत कळेल.

पण पत्र लिहायला बसवलं ते वेगळ्याच गोष्टीने. आमची यादी तुमच्याकडून परत आली तेव्हा एका नावापुढे पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘हे घेऊ नका. यातल्या निम्म्या गोष्टी वरच्या 14 नंबरच्या पुस्तकात आहेतच. चित्रंही तीच.’ सूचीपत्रात नाव आणि किंमत असते, आतली अनुक्रमणिका नसते. मुखपृष्ठ बदलून आलेला जुना मजकूर दुकानात बसून पुस्तकं उघडणाऱ्यालाच ओळखू येतो. बिलातून ती ओळ गेली आणि बेरीज तेवढ्याने कमी झाली. त्या जागी दुसरं महाग पुस्तक सरकवलंही नाहीत.

यात तुम्ही काय सोडलंत, ते धंदा माहीत असणाऱ्यांना सांगायला नको. प्रकाशक देतो ती सूट आणि शाळेला द्यावी लागते ती सूट, यांच्यामधल्या फटीत तुमचं घर चालतं. पन्नास रुपयांच्या चित्रपुस्तकात ती फट किती असणार! त्यात ज्योत्स्ना प्रकाशन इथलंच, पण नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं दिल्लीची, तूलिका चेन्नईची, प्रथम बुक्स बंगळूरची. प्रत्येकाचा हिशेब वेगळा, पार्सलचं भाडं वेगळं. अप्पा बळवंत चौकात गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंच विकणं कितीतरी सोपं. ते सोडून बालसाहित्य धरून बसणारं घर म्हणजे जरा वेडंच म्हणायचं. पुण्यात अशी वेडी माणसं अजून टिकून आहेत, आणि पुणेकर दुकानदारांवरचे विनोद सांगताना त्यांना कोणी मोजत नाही, याचा आम्हाला रागच येतो.

दादांचे दोन सल्ले इतर शाळांच्याही उपयोगाचे आहेत. पहिला वाचनालयाच्या शिक्क्याचा. चित्रपुस्तकाच्या गुळगुळीत आर्ट पेपरवर शाई लवकर वाळत नाही, समोरच्या चित्रावर तिचा ठसा उमटतो. म्हणून शिक्का नामपृष्ठाच्या मागे आणि एका ठरलेल्या गुप्त पानावर, तोही मोकळी जागा बघून, आणि वाळेपर्यंत मध्ये वर्तमानपत्राची पट्टी.

दुसरा पिनांचा. 16 किंवा 24 पानी पुस्तकाच्या पिना पावसाळ्यात गंजतात, गंज कागद खातो आणि सगळ्यात आधी मधला कागद सुटतो. सेलोटेप लावू नये. ती पिवळी पडते, गोंद पाझरून पानं चिकटतात. पिना काढून घडीवर तीन भोकं पाडायची. जाड दोरा आतून मधल्या भोकातून बाहेर काढायचा, वरच्यातून आत घ्यायचा, मधलं भोक सोडून खालच्यातून बाहेर, आणि पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन्ही बाजूंना ठेवून गाठ मारायची. पाचवीतली मुलंही हे करतात. पुस्तक हाती येताच शिवलं तर गंजाचा प्रश्नच उरत नाही.

पुढच्या यादीत द्विभाषिक पुस्तकं जास्त हवी आहेत, आणि पहिली-दुसरीसाठी एकेका पुस्तकाच्या पाच प्रती, म्हणजे गटात वाचता येतील. यादी मे महिन्यातच पाठवतो. पेन्सिल बेलाशक चालवा.

लोभ असावा ही विनंती.

शाळेच्या वाचनालयाची मंडळी
पुणे