टॉवेलच्या दरपत्रकाविषयी

सोलापूर

प्रिय वकीलसाहेब,

स. न. वि. वि.

दिवाळीपासून तुझ्या पत्रांना उत्तर दिले नाही, याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या दे. साखर आटोक्यात आहे, गुडघा होता तसाच आहे. आज लिहितो आहे ते दादामुळे, आणि ही गोष्ट तुझ्याखेरीज कोणाला सांगून उपयोग नाही.

गेल्या आठवड्यात दादाने मला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ‘जरा चहाला’ नेले. तिथे टॉवेलचे बरेच यंत्रमागधारक जमले होते, म्हणजे आपल्या ओळखीचेच सगळे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी पुढे आली आणि दादाने माझी ओळख करून दिली, “हा दिल्लीला स्पर्धा आयोगात हेच काम करत होता.” मग मुद्दा निघाला, की मी सर्वांसाठी एकच कॉस्टिंग, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब, काढून द्यावे आणि किलोमागे त्याखाली कोणीही विकू नये. मी काही बोलण्याआधीच हजेरीवही माझ्यापुढे आली. वर तारीख, खाली विषय ‘भाव ठरविणे’ आणि त्याखाली सह्या! ज्या कागदाच्या शोधात आम्ही निविदांचे आकडे आणि फोनच्या नोंदी चाळत नोकरी काढली, तो इथे पेनासकट सहीला आला. तू असतास तर ठसका लागून पडला असतास.

मी सही केली नाही आणि कॉस्टिंगलाही नकार दिला. तेव्हापासून दादा बोलत नाही. वहिनी मात्र डबा पाठवते.

दादाचे म्हणणे एकच, “आम्ही एवढेसे, आम्हाला कोण विचारतो?” तो अजून १९६९ च्या एमआरटीपी या मक्तेदारीविरोधी कायद्यात राहतो, जिथे मुळात मोठेपणाकडेच संशयाने पाहिले जाई. २००२ चा स्पर्धा कायदा आकार पाहत नाही, वर्तन पाहतो. आणि स्पर्धकांनी मिळून भाव ठरवला, की कलम ३(३) प्रमाणे स्पर्धेला बाधा आली असे गृहीतच धरले जाते. दंड कार्टेल, म्हणजे असे संगनमत, चालले त्या प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांत जास्त असेल तिथपर्यंत जाऊ शकतो. २०२३ च्या दुरुस्तीने उलाढाल म्हणजे जागतिक उलाढाल. दादाची जागतिक उलाढाल त्याच्या टेबलाच्या खणात मावते, पण तिचेही १० टक्के त्याला जड आहेत.

आता तू राजस्थान सिलिंडर्स काढशील, हे मला ठाऊक आहे. २०१८ च्या त्या निकालावरून आपण किती भांडलो! खरेदीदार मोजक्या तेल कंपन्या, भावावर पकड त्यांची. अशा बाजारात गॅस सिलिंडर बनवणाऱ्यांचे निविदांतले दर सारखे आले म्हणून संगनमत सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, आणि मी तुला ‘चोरांची पळवाट शोधणारा’ म्हणालो. टॉवेलचा बाजार पाहिला, की तुझे निम्मे पटते. सूत महागले की सर्वांचे एकाच दिवशी महागते. भाव मात्र ठरवतात मोजके घाऊक खरेदीदार, आणि तेही महिनोन् महिने उधारी ठेवून. त्यांनी आपसात खरेदीचा भाव बांधला तर तेही कलम ३ मध्येच येते, पण ते काही वहीवर सह्या करणार नाहीत. कलम ४ वर्चस्व शोधते ते एका उद्योगाचे किंवा एका समूहाचे. चौघे वेगवेगळे मिळून गळा आवळत असतील, तर त्या सामूहिक वर्चस्वाला आपल्या कायद्यात जागाच नाही. तरीही तुझा निकाल दादाच्या कामाचा नाही. तिथे सारख्या दरांवरून कराराचा अंदाज बांधला होता, इथे करारच लिहून ठेवला आहे.

झोप उडाली आहे ती कलम ४६ मुळे. जो पहिला येऊन महत्त्वाची माहिती देईल त्याला १०० टक्क्यांपर्यंत दंडमाफी, ही तरतूद मी प्रशिक्षणवर्गांत किती कौतुकाने शिकवली! टोळीत फूट पाडणारे याहून सुंदर शस्त्र नाही, असे म्हणत असे. भाव अमलात आलाच आणि प्रकरण बाहेर पडण्याची वेळ आली, तर दादाला वाचवायला मला त्यालाच सांगावे लागेल, की बाकीच्या सर्वांची नावे तू आधी दे. त्यांतले निम्मे जण बाबांच्या तिरडीला खांदा देणारे आहेत.

चिरंजीवांना नोकरी लागल्याचे समजले, फार आनंद झाला. पुण्याच्या घराचे रंगकाम संपले असेलच.

मला दोन वाटा दिसतात. कलम ३(५) मध्ये निर्यातीला सूट आहे, पण ती केवळ निर्यातीच्या मालापुरतीच. एकाच मागावर दुबईचा आणि हैदराबादचा टॉवेल निघतो, तिथे ही रेघ कशी ओढायची? दुसरी वाट म्हणजे भावाला हात न लावता सूत एकत्र खरेदी करणारी संयुक्त कंपनी काढणे. कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमाला ३(३) च्या परंतुकात, म्हणजे अपवादात, जागा आहे, आणि एकगठ्ठा खरेदीने सूत खरोखर स्वस्त पडेल, असा माझा हिशेब आहे. ही मांडणी टिकेल का, आणि त्या वहीचे काय करावे, ते मला पुढल्या बैठकीआधी फोनवर सांग. बैठक रविवारी आहे.

तुझा,
बाळ्या