खोडदची दुर्बीण आणि हुकलेली रेल्वे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा पुणे–नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेचा मूळ मार्ग नारायणगावजवळच्या खोडदमधील जीएमआरटी या, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या दुर्बिणीमुळे शक्य नाही, असे रेल्वेमंत्र्यांनी सांगितल्यापासून जुन्नर-आंबेगाव परिसरात नाराजी आहे आणि ती रास्तच आहे. नारायणगावच्या बाजारातला टोमॅटो आजही ट्रकमध्ये भरून पुणे–नाशिक महामार्गाच्या कोंडीतून वाट काढतो. पण ‘रेल्वे हवी की दुर्बीण’ अशी जी विभागणी आता होऊ लागली आहे, तिच्यामुळे जाब विचारायचा तो सरकारला विचारला जात नाही, आणि रोष मात्र शास्त्रज्ञांवर निघतो.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली ही दुर्बीण म्हणजे प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. त्यांतील 14 खोडदजवळ दाटीने आहेत आणि उरलेल्या 16 तीन दिशांना सुमारे 25 किलोमीटरच्या पसाऱ्यात विखुरलेल्या आहेत. निरीक्षणाचा वेळ मागणारा शास्त्रज्ञ कोणत्या देशाचा आहे हे येथे पाहिले जात नाही. प्रस्ताव कसा आहे, ते पाहिले जाते. ऑक्टोबर 2016 मध्ये युरोपीय अवकाश संस्थेचे ‘शियापारेली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश खोडदमध्ये टिपला गेला होता. आकाशातून येणाऱ्या अशा लहरी इतक्या दुबळ्या असतात की विजेवर धावणाऱ्या गाडीच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या आणि तिची दळणवळण यंत्रणा त्यांना सहज झाकोळून टाकू शकते. तेव्हा केंद्राचा आक्षेप हा आडमुठेपणा नव्हे.

मग चूक कुठे झाली? दुर्बिणीसाठी या परिसरातील नव्या उद्योगांवर निर्बंध आले, आता रेल्वेही वळवली जात आहे, परंतु या बदल्यात तालुक्याला काय द्यायचे, याचा लेखी आणि बंधनकारक करार सरकारने इथल्या लोकांशी केलेला नाही. दरवर्षी 28 फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि शाळकरी मुले आपापले प्रयोग घेऊन येतात. हा उपक्रम चांगलाच आहे, पण त्याला धोरण म्हणता येणार नाही.

ज्या ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या जागतिक रेडिओ दुर्बीण प्रकल्पात भारत सहभागी आहे आणि ज्यासाठी केंद्र सरकारने 1250 कोटी रुपये मंजूर केले आहेत, त्याच्या यजमान देशांनी काय केले, हे आपल्या लोकप्रतिनिधींनी जरूर पाहावे. पश्चिम ऑस्ट्रेलियात अँटेना उभ्या राहण्याआधी तिथल्या वजारी यामाजी या मूलनिवासी समाजाशी 2022 मध्ये भूवापराचा करार झाला. वारसास्थळांना धक्का लागू नये म्हणून त्या समाजाच्या लोकांना सोबत घेऊन जमिनीची पाहणी झाली. दक्षिण आफ्रिकेने 2007 मध्ये खगोलशास्त्रासाठी राखीव क्षेत्रांचा स्वतंत्र कायदा केला, आणि कारूच्या माळावरील कार्नार्व्हन परिसरातल्या मुलांना शिष्यवृत्त्या व तांत्रिक प्रशिक्षण देण्यास सुरुवात केली. तिथेही जमिनी गेल्या म्हणून मेंढपाळ शेतकरी नाराज झाले, सगळे गोडीगुलाबीने पार पडले असे मुळीच नाही. तरीही निर्बंध कोणते आणि मोबदल्यात काय, हे तिथे कागदावर आहे. आंतरराष्ट्रीय प्रकल्पाची वर्गणी भरताना त्यातली ही रीतही आपण उचलायला हवी होती.

म्हणून राज्य सरकारकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, रेल्वेमार्ग दुर्बिणीपासून किती अंतरावर असला तर किती बाधा येते, याचा तांत्रिक अहवाल मराठीत प्रसिद्ध करावा आणि त्यावर नारायणगावात जाहीर सुनावणी घ्यावी. पर्यायी मार्गाचा शोध गुप्त बैठकांत का व्हावा? दुसरी, मार्ग बदलणे अटळच असेल तर जुन्नर-आंबेगावसाठी महामार्गाची कामे, शेतमालासाठी शीतगृहे, आणि आयटीआय व महाविद्यालयांतील मुलांना दुर्बिणीच्या देखभालीत व इलेक्ट्रॉनिक्स विभागात राखीव प्रशिक्षण जागा, असा कालबद्ध करार केंद्र, राज्य आणि संशोधन केंद्र या तिघांनी सह्यानिशी करावा.

हीच घाई हिंगोलीसाठीही हवी. औंढा नागनाथ परिसरात अमेरिकेच्या सहकार्याने होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटी रुपयांची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांच्या त्या यंत्राला जमिनीची बारीकशी थरथरही चालत नाही; म्हणजे उद्या तिथे खडी क्रशर, अवजड वाहतूक आणि रेल्वे यांवर बंधने येऊ शकतात. ती बंधने कोणती, हे औंढ्याच्या शेतकऱ्याला वर्तमानपत्रातून कळण्याऐवजी ग्रामसभेत आणि बांधकामाला वेग येण्याआधी कळावे, तसेच त्यांचा मोबदला त्याच सभेत ठरावा, यासाठी मराठवाड्यातील आमदारांनी येत्या अधिवेशनात आग्रह धरावा.

आपला,
एक वाचक, नारायणगाव (जि. पुणे)