बाबांच्या प्रश्नावर थोडं

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, बांधाच्या केसला परत पुढची तारीख पडली आणि तुम्ही त्या रात्री जेवला नाहीत, आईने सांगितलं. येशूने सैतानाला हरवलंय म्हणता तर मग असल्या लोकांचं सगळं सुरळीत कसं चालतं, असं तुम्ही विचारलंत. ते फोनवर बोलण्यासारखं नाही म्हणून लिहितेय.

आधी ते शेवटच्या काळाचे यूट्यूब व्हिडिओ बंद करा प्लीज. कुठलं युद्ध म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला, प्रकटीकरणातला, कितवा शिक्का, 666 म्हणजे कुठला बारकोड, असली गणितं मांडणारे रोज नवे निघतात. तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही असं येशू स्वतः सांगून गेलाय (मार्क 13:32), मग ह्यांना कुठून कळला?

प्रकटीकरण मुळात घाबरलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलंय, योहान स्वतः पात्म बेटावर अडकलेला. 5व्या अध्यायात तो रडतोय, स्वर्गातल्या वडीलजनांपैकी एक म्हणतो रडू नको, यहूदा वंशाचा सिंह जिंकलाय, आणि हा बघतो तर समोर वधलेला कोकरा, म्हणजे येशू! मला तिथेच उत्तर सापडतं बाबा. देव जिंकला तो वधस्तंभावर, कुणाला मारून नाही तर स्वतः मरून आणि मग उठून, त्यामुळे तो विजय कोर्टाच्या निकालासारखा कागदावर दिसत नाही. आणि सैतान एवढा खवळलाय का, तर आपला वेळ थोडा उरलाय हे त्याला कळलंय (12:12).

त्याच पुस्तकात स्मुर्णा शहरातल्या मंडळीला पत्र आहे, मरेपर्यंत विश्वासू राहा म्हणून. पुढे तिथलाच बिशप पॉलिकार्प, साधारण इ.स. 155 च्या सुमारास म्हातारपणी शिपाई त्याला धरायला आले, तर ह्याने त्यांना आधी जेवायला वाढायला लावलं (आई, तू पण हेच केलं असतंस) आणि प्रार्थनेसाठी तासभर मागून घेतला. पुढे रोमी सुभेदार म्हणाला ख्रिस्ताला शिव्या दे, सोडतो, तर पॉलिकार्प म्हणाला, 86 वर्षं त्याची सेवा केली, त्याने माझं काही वाईट केलं नाही. त्याला जाळलं. आता सांगा, हरलं कोण?

केस सोडा असं मी म्हणत नाहीये हं. वेदीखालचे हुतात्मेसुद्धा न्याय कधी करणार म्हणून मोठ्याने विचारतात (6:10), देव त्यांना गप्प करत नाही, पांढरे झगे देतो आणि थोडा वेळ थांबा म्हणतो. तुम्हीही विचारा, प्रार्थनेत भांडा, पण जेवून घ्या.

केसमधल्या समोरच्या लोकांकडून लग्नाची पत्रिका आलीये म्हणे. मी असते तर गेले असते, तुम्ही तुमचं ठरवा. पुढच्या तारखेला मी येतेय, वकिलांची फी मी देईन, त्यावरून वाद नको.

तुमची,
बेबी