सोन-कूलच्या अनोळखी मंडळींचे आभार

दांडिया बाजारातून उठून आम्ही थेट किरगिझस्तानात घोड्यावर बसायला निघालो, तेव्हा शेजाऱ्यांनी आम्हाला वेड्यात काढलं होतं. सोन-कूल तलाव 3,000 मीटरहून उंचावर. बडोद्याच्या सपाटीवर वाढलेल्या माणसाला तिथे चार पावलांत धाप लागते.

पहिले आभार त्या शाळकरी पोराचे. चढावर सासूबाईंचं खोगीर मागे सरकायला लागलं, तसा तो टुणकन उतरला. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, सोडून पुन्हा आवळला, रिकिबी वर घेतल्या आणि चवडाच तेवढा आत ठेवायला खुणेने दाखवलं, म्हणजे पडायची वेळ आली तर पाय अडकत नाही. मग चढ संपेपर्यंत लगाम हातात धरून बाजूने चालला. ‘चू’ म्हटलं की घोडा चालतो, हेही त्याचंच शिक्षण. सासूबाई आता रिक्षावाल्यालाही ‘चू’ म्हणतात!

तंबूवाल्या मावशींनी आम्ही शाकाहारी म्हटल्यावर मुकाट्याने बटाटे उकडले, रात्री गोवऱ्यांची शेगडी पेटवली. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, म्हणजे कुमिसचा, वाडगाही आग्रहाने पुढे केला. ह्यांनी संपवला, मला घोटभर पुरला.

आणि ते नागपूरकडचं जोडपं. धाकटीचं डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या, तेव्हा स्वतःचा बेत मोडून त्यांनी आपल्या गाडीतून आम्हाला खाली पोचवलं. उंची कमी होताच पोरगी खायला मागायला लागली. दादा-वहिनी, तुमचं राखाडी जाकीट गडबडीत तिच्या अंगावरच राहिलंय. धुऊन ठेवलंय, हे वाचलंत तर पत्ता कळवा.