रविवारी वर्कशॉप उघडा: तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शासकीय तंत्रनिकेतनांच्या कार्यशाळा रविवारी बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी खुल्या करण्याबाबत

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी इचलकरंजीची. वडील जॉबर आहेत, म्हणजे यंत्रमाग अडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि आता मागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात ड्रॉइंग आणि तपासणीचं काम बघते. प्रमाणपत्रावर कॉलेजचं नाव आहे. पण यंत्र म्हणजे काय हे मला ज्यांनी शिकवलं त्या सरांना मी कधी भेटलेले नाही. ते कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक ए. के. मल्लिक. त्यांचे ‘कायनेमॅटिक्स ऑफ मशीन्स’चे तास एनपीटीईएलनं, म्हणजे आयआयटीचे तास इंटरनेटवर फुकट दाखवणाऱ्या सरकारी उपक्रमानं, रेकॉर्ड करून ठेवले आहेत, आणि ते मी माळ्यावर बसून, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून पाहिले.

चौथ्या सत्राला आम्हाला ‘थिअरी ऑफ मशीन्स’ होतं. शिकवणारे सर दिवाळीच्या आधीच नोकरी सोडून गेले. दुसरे आले नाहीत. वर्कशॉपला कुलूप होतं आणि प्रॅक्टिकलच्या तासाला आम्हाला वरच्या वर्गाची जर्नलं उतरवायला दिली जायची. आकृती त्यांची, निरीक्षणं त्यांची, उत्तरंही त्यांचीच. फक्त नाव आणि रोल नंबर आमचा. मी कॉलेजचं नाव लिहीत नाही. दोष एका कॉलेजचा असता तर मी हे पत्र त्या कॉलेजला लिहिलं असतं.

एका मैत्रिणीनं लिंक पाठवली. पहिल्या तासाला इंग्रजी डोक्यावरून गेलं. दुसऱ्यांदा लावला तेव्हा फळ्याकडे बघितलं. तिसऱ्यांदा वही घेऊन बसले आणि दर दोन मिनिटांनी थांबवत गेले. वर्गात हात वर करून ‘सर, परत सांगा’ म्हणायचं मला कधी जमलं नव्हतं. इथे तेच सर तेच वाक्य दहा वेळा, तितक्याच शांतपणे सांगत होते. लाजाळू मुलामुलींसाठी ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते वर्गात पुढच्या बाकावर बसणाऱ्यांना कदाचित कळणार नाही.

चार दांड्यांच्या यंत्रणेपाशी मी अडकले. चार दांड्या, चार सांधे, एक दांडी पक्की बसवलेली. सगळ्यात आखूड आणि सगळ्यात लांब दांडीची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा कमी असेल, तर आखूड दांडीला पुरा फेरा मारता येतो. हा ग्रासहॉफचा नियम. पाठ व्हायला दोन मिनिटं लागली, पण तो कशासाठी ते कळेना. त्या रात्री खाली खड्‌खट् खड्‌खट् माग चालू होता. जिना उतरून खाली आले आणि त्याच्यासमोर उभी राहिले. आखूड दांडी म्हणजे क्रँक गोल फिरतोय, त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड पुढं-मागं होतोय, हात्याचे, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या चौकटीचे, पाय झुलतायत, आणि मागाचा सांगाडा जागच्या जागी. चार दांड्या. जन्मल्यापासून ज्या आवाजात झोपले तो आवाज मला त्या रात्री पहिल्यांदा समजला.

दुसऱ्या दिवशी टेप लावून मापं घेतली. क्रँक ७५ मिलिमीटर, कनेक्टिंग रॉड २५०. सरांनी दाखवलेल्या पद्धतीनं आलेख कागदावर दर तीस अंशाला हात्या कुठं येतो ते काढलं. फेऱ्याचे ३६० अंश. त्यातले जवळजवळ १९७ अंश हात्या मागच्या अर्ध्यात असतो आणि पुढच्या अर्ध्यात फक्त १६३. कागद वडिलांना दाखवला. ते आठवीपर्यंत शिकलेले. त्यांनी आकृतीकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “म्हणून तर रुंद मागाला रॉड आखूड लागतो. हात्याला मागं दम खाऊ द्यायचा असतो. धोटा पार व्हायला नको का?” धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणारा तुकडा.

साहेब, आमच्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे ज्ञान इथं हातातून हातात आलंय. त्याचं गणित कानपूरच्या फळ्यावर होतं. दोन्ही एकाच कागदावर आली ती एका रेकॉर्डिंगमुळं. म्हणून त्या रेकॉर्डिंगबद्दल कुणी ‘ऑनलाइन शिक्षण म्हणजे फसवणूक’ असं सरसकट बोललं की मला राग येतो. एनपीटीईएल २००३ पासून चालू आहे. सात आयआयटी आणि बंगळूरूची आयआयएससी, अशा आठ संस्थांनी सरकारी पैशातून ते उभं केलं. २०१४ पासून त्यावर परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेता येतं, २०१७ पासून केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरही ते कोर्स आहेत. शिकायला फी नाही. पुढं मी बारा आठवड्यांच्या एका कोर्सला नाव घातलं. दर आठवड्याचे स्वाध्याय २५ गुणांचे, केंद्रावर जाऊन द्यायची परीक्षा ७५ गुणांची, तिची फी हजार रुपये. ते हजार रुपये मी माझ्या पहिल्या पगारातून भरले आणि आजवर इतक्या समाधानानं पैसे कशावरच खर्च केले नाहीत.

पण हे पत्र मी कौतुकासाठी लिहीत नाही. रेकॉर्डिंग जिथं संपतं तिथं काय होतं, ते मला आपल्याला सांगायचंय.

जलद परतीची यंत्रणा हा धडा आला. शेपर मशीनमध्ये हत्यार लोखंड कापत पुढं जातं तेव्हा सावकाश जातं आणि रिकामं परत येताना झटकन येतं. क्रँक आणि खाचेची दांडी यांची ती करामत. आकृती काढली, सूत्र मांडलं, उदाहरणं सोडवली, बरोबर आली. तरीही काहीतरी राहिलं होतं. कोरिऑलिस त्वरणाचा तास मी चार वेळा पाहिला. ‘दोन ओमेगा व्ही’ लिहिता येत होतं, पण फिरणाऱ्या खाचेत सरकणाऱ्या ठोकळ्याला बाजूनं ढकललं जातं म्हणजे काय, हे अंगात उतरत नव्हतं. माग घरात होता. शेपर घरात नव्हता.

मग एका शासकीय तंत्रनिकेतनातल्या वर्कशॉपच्या सरांनी मला एका रविवारी आत घेतलं. त्यांचं नाव सांगत नाही, कारण ते नियमात बसत नव्हतं. शेपरवर ताडपत्री होती. त्यांनी मेन स्विच काढला, शेपरचं बाजूचं झाकण उघडलं आणि पट्ट्याची पुली हातानं फिरव म्हणाले. आत ग्रीसनं काळं झालेलं मोठं बुल गिअर, त्यावर सरकणारा ठोकळा, आणि तो ज्या खाचेत बसतो ती दांडी. मी पुली फिरवत गेले. रॅम, म्हणजे हत्यार धरून पुढं-मागं सरकणारा भाग, पुढच्या टोकाला पोचला की गिअरच्या काठावर खडूनं एक रेघ, मागच्या टोकाला पोचला की दुसरी. मग सुतळी लावून दोन्ही कमानी मोजल्या. जाण्याची कमान मोठी, येण्याची लहान, प्रमाण साधारण तिनास दोन. सूत्रात हेच होतं. मग सरांनी किल्लीनं स्ट्रोक, म्हणजे रॅमच्या धावेची लांबी, कमी केला आणि म्हणाले, आता मोज. दोन कमानी जवळजवळ सारख्या झाल्या. स्ट्रोक आखूड केला की जलद परतीचा फायदाच उरत नाही! हे त्याच सूत्रात लिहिलेलं होतं, मी ते वीस वेळा सोडवलं होतं, आणि मला दिसलेलं नव्हतं.

पाऊण तास. चाळीस तासांचं रेकॉर्डिंग त्या पाऊण तासानं पक्कं झालं. निघताना सरांनी पुन्हा ताडपत्री घातली. ते म्हणाले, हे मशीन आठवड्यातून चार तास चालतं, बाकी उभंच असतं.

ते उभं असलेलं मशीन मला द्या, एवढंच माझं मागणं आहे. मला म्हणजे माझ्यासारख्या सगळ्यांना. आमच्या टापूत कोल्हापूर, मिरज आणि कराड इथं शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. या तिन्हींपासून सुरुवात करा. रविवारी सकाळी नऊ ते एक वर्कशॉप उघडं ठेवा. ज्यानं एनपीटीईएल किंवा स्वयम्‌वर यंत्रशास्त्राच्या कोर्सला नाव घातलंय आणि निदान पहिले चार आठवडे स्वाध्याय दिलेत, त्याला आत घ्या. तो त्या कॉलेजचा असो नसो, त्याचं वय वीस असो की पंचेचाळीस. कॉलेजात नाव असलेल्यांसाठी एनपीटीईएलचे लोकल चॅप्टर आहेत, तिथं मार्गदर्शक शिक्षक असतात, पदवीच्या मुलांना त्या कोर्सचे श्रेयांकही मिळतात. कॉलेज संपलेल्याला किंवा कॉलेजपर्यंत पोचूच न शकलेल्याला यातलं काही नाही. आमच्या कारखान्यात लेथवर काम करणारा एक मुलगा बारावीनंतर थांबला. जेवणाच्या सुट्टीत तो थर्मोडायनॅमिक्सचे तास ऐकतो. वाफेचा तक्ता त्याला वाचता येतो, पण बॉयलर त्यानं फक्त चित्रात पाहिलाय.

आयटीआयची वर्कशॉपं तर गावोगाव आहेत, पण ती कौशल्य विकास खात्याकडे आहेत हे मला माहीत आहे. दोन खात्यांच्या पत्रव्यवहारात हा विषय अडकू नये म्हणून मी फक्त आपल्या हातातलं मागतेय.

यावर काय हरकती येतील तेही ठाऊक आहे. अपघात झाला तर? ही हरकत खरी आहे आणि ती मी हलक्यात घेत नाही. आमच्या गल्लीत पट्ट्यात बोटं गेलेली माणसं आहेत. म्हणून पहिले दोन रविवार मशीन चालूच करू देऊ नका. कानस, व्हर्नियर, मायक्रोमीटर, आणि मशीन बंद ठेवून उघडून बघणं. शिकण्यातलं अर्धं तर त्यातच आहे. बूट आणि अॅप्रन नसेल त्याला दारातूनच परत पाठवा, ओढणी आणि मोकळे केसही चालवून घेऊ नका. अपघात विम्याचे पैसे आमच्याकडून घ्या. लोखंडाचे, कूलंटचे, विजेचे घ्या. रविवारी येणाऱ्या इन्स्ट्रक्टरना मानधन द्या आणि ते वेळेवर द्या. जागा रिकाम्या असल्यानं दोघांचं काम एकटा माणूस ओढतोय तिथं फुकट रविवार मागणं अन्याय होईल. निवृत्त झालेल्यांना बोलवा. तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस घरी बसून पेपर वाचतोय, त्याला विचारलं तर तो येईल.

कुणी म्हणेल, त्यासाठी व्हर्च्युअल लॅब आहेत. मी त्या वापरल्यात, केंद्र सरकारचा तो उपक्रम चांगला आहे. पडद्यावर आकडा बदलला की आलेख बदलतो, हे समजायला उपयोगी पडतं. पण पडद्यावर सांधा ढिला नसतो. खऱ्या यंत्रात सांध्यातलं बुश झिजलेलं असतं, आणि ते किती झिजलंय हे दांडी हलवल्यावर हाताला कळतं. माझी रोजची नोकरी त्याच हाताच्या कळण्यावर चालते.

मराठीबद्दलही थोडं सांगते. एनपीटीईएलच्या बऱ्याच तासांना आता मराठीतला मजकूर मिळतो, ते पाऊल मोलाचं आहे. तरी मला वाक्य न वाक्य भाषांतरित झालेलं नको होतं. मला हवा होता ‘सर, म्हणजे काय हो?’ असं मराठीत विचारता येईल असा एक माणूस, आठवड्यातून तासभर. मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ बघा. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीतच असतं, समजावणारा आवाज मराठीत असतो, आणि ते सहज डोक्यात जातं. रविवारच्या वर्कशॉपमध्ये हे आपोआप होईल. इन्स्ट्रक्टर सर ‘क्वीक रिटर्न’ म्हणतील, ‘बुल गिअर’ म्हणतील, आणि बाकी सगळं कोल्हापुरीत सांगतील.

यासाठी नवी इमारत नको, नवं मशीन नको, नवं पोर्टल तर नकोच. एक शासन निर्णय, तीन तंत्रनिकेतनं आणि सहा महिने. किती जण आले, किती टिकले, किती जणांनी परीक्षा दिली, याची नोंदवही ठेवा. ती लिहायचं काम मी करीन. कोल्हापूर आमच्याइथून तीसेक किलोमीटर आहे, रविवारी सकाळी सातची एसटी मिळते.

आपली नम्र,
इचलकरंजीच्या एका जॉबरची मुलगी

ता. क. सोबत हात्याच्या चालीचा तो आलेख जोडला आहे. वडिलांनी त्यावर पेन्सिलीनं एक खूण केली आहे. धोटा कुठून सुटायला हवा ती जागा. मी काढलेल्या जागेपेक्षा ती दहा अंशांनी वेगळी आहे, आणि का, ते मला अजून सोडवता आलेलं नाही.