बोल्यू म्हणजे फक्त ती गोळी नव्हे

मा. संपादक, स.न.वि.वि.

एतियेन-एमिल बोल्यू हे फ्रेंच शास्त्रज्ञ ३० मे २०२५ ला गेले, ९८ वर्षांचे होते. त्यावेळी मी ज्या बातम्या वाचल्या त्या सगळ्यांत 'गर्भपाताच्या गोळीचे जनक' एवढंच होतं. त्यात खोटं काही नाही, पण माणसाचं अर्धं काम राहूनच गेलं, आणि ते राहिलेलं अर्धं माझ्या घराच्या जास्त जवळचं आहे म्हणून हे पत्र लिहितेय.

गोळीचं आधी थोडक्यात सांगते. गर्भ टिकायला प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन लागतं, त्याची पेशीत बसायची जागाच अडवायची ही बोल्यूंची कल्पना, आणि ती जागा अडवणारा रेणू रुसेल-उक्लाफ कंपनीच्या केमिस्ट लोकांनी १९८० मधे बनवला. १९८८ मधे फ्रान्सने परवानगी दिली, विरोध इतका झाला की महिन्याभरात कंपनीने गोळी मागे घेतली, मग दोनच दिवसांत आरोग्यमंत्र्यांनी ही बायकांची नैतिक मालमत्ता आहे म्हणत ती परत आणायला लावली. आपल्याकडेही २००२ पासून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळते.

पण त्याच काळात पॅरिसजवळच्या बिसेत्र हॉस्पिटलमधल्या लॅबमधे त्यांच्या टीमचं दुसरंच काम चालू होतं. तोपर्यंत सगळे धरून चालले होते की असली हार्मोन्स बीजकोश, वृषण, अ‍ॅड्रिनल अशा ग्रंथींत तयार होतात आणि रक्तातून मेंदूत जातात. यांनी उंदरांच्या अ‍ॅड्रिनल आणि वृषण काढून टाकले, तरी मेंदूत डीएचईए नावाचं असंच एक हार्मोन सापडतच राहिलं, म्हणजे मेंदू ते स्वतःच बनवत असणार! हा १९८१ चा पेपर. नंतर मेंदूतल्या ग्लिया पेशी कोलेस्टेरॉलपासून हे बनवतात हेही दिसलं. न्यूरोस्टेरॉइड, म्हणजे मेंदूतच बनणारं स्टेरॉइड जातीचं हार्मोन, हा शब्द त्यांचाच.

इकडे अमेरिकेत १९८६ मधे दुसऱ्या एका गटाने दाखवलं की प्रोजेस्टेरॉनपासून बनणारा अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचा पदार्थ मेंदूतल्या गाबाच्या रिसेप्टरवर, म्हणजे गाबाच्या बसायच्या जागेवर, बसतो. गाबा म्हणजे मेंदूचा ब्रेक समजा, हा पदार्थ तो ब्रेक घट्ट करतो, माणूस शांत होतो. गरोदरपणाच्या शेवटी हा पदार्थ भरपूर असतो आणि वार पडली की काही दिवसांत एकदम खाली येतो. आता सगळ्याच बायकांचा खाली येतो, सगळ्यांना डिप्रेशन येत नाही, पण काहींच्या मेंदूला ती घसरण झेपत नाही असं आता मानतात. याच पदार्थाची ६० तासांची सलाइन २०१९ मधे अमेरिकेत बाळंतपणानंतरच्या डिप्रेशनसाठी मंजूर झाली आणि २०२३ मधे त्याच जातीची १४ दिवस घ्यायची गोळी. ही औषधं बोल्यूंनी काढली नाहीत, पण मेंदू स्वतः स्टेरॉइड बनवतो हे त्यांनी दाखवलं नसतं तर या बाजूला इतकी माणसं वळली नसती असं मला मनापासून वाटतं.

माझी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. शेक-शेगडी, मालीश, अळीवाची खीर सगळं यथासांग चालू होतं. पण ती पलंगाच्या कडेला बसून बाळाचं दुपटं घडी घालायची, उलगडायची, परत घडी घालायची, आणि डोळ्यांतून पाणी चालूच. शेजारणी म्हणाल्या दृष्ट लागली, आमच्या डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं, आणि मी तिची आई असून तिला म्हटलं, "अगं आम्हालाही पोरं झालीच की, असं रडत नाही बसलो." ते वाक्य मला अजून परत घेता आलेलं नाही. दीड महिन्याने जावईच म्हणाले की मानसोपचारतज्ज्ञांना दाखवू, औषधं सुरू झाली, हळूहळू ती पूर्ण बरी झाली, पण तो दीड महिना तिने एकटीने काढला आणि मी त्याच खोलीत होते.

मेंदूतच काहीतरी खाली घसरलंय हे तेव्हा कुणी साध्या मराठीत सांगितलं असतं तर मी तिला बोल लावला नसता. म्हणून संपादकसाहेब एक विनंती आहे. तुमच्या पुरवणीत दर हिवाळ्यात डिंकाच्या लाडवांची रेसिपी येते, त्याच्या शेजारीच चार ओळींची चौकट टाका: बाळंतिणीचं रडू दोन आठवड्यांनंतरही थांबत नसेल, झोप लागत नसेल, बाळाकडे बघवत नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६, तो फुकट आहे. नंबर जरा मोठ्या अक्षरात टाका, आमच्या वयाच्या सासवा-आयांना चष्म्याशिवाय दिसेल असा.

आपली एक नियमित वाचक,
मिरज